गाडीच्या भरवशाचे ठिपके कसे वाचावेत?

ऑगस्ट २०१५ मध्ये अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहक-मासिकानं टेस्लाच्या मॉडेल एस पी८५डी या गाडीला रस्त्यावरच्या चाचणीत १०० पैकी १०३ गुण दिले. मोजपट्टीच तोकडी पडली, म्हणून ती नव्यानं आखली गेली आणि गाडीचे गुण १०० वर आणले गेले. पुढे दोनच महिन्यांनी, ऑक्टोबरात, याच मासिकानं मॉडेल एसची शिफारस काढून घेतली. सुमारे १,४०० मालकांनी कळवलेल्या बिघाडांची बेरीज केल्यावर भरवशाच्या बाबतीत गाडी सरासरीच्या खाली गेली होती. आणि याच मालकांपैकी ९७ टक्के लोक म्हणत होते, पुन्हा घ्यायची तर हीच घेऊ.

या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. गाडी चालवायला अप्रतिम होती, वरचेवर काम काढत होती आणि तरी मालकांची लाडकी होती. गाडी घेताना आपण 'चांगली आहे का?' असा एकच प्रश्न विचारतो. मासिक मात्र तीन-चार वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतं आणि शेवटी त्यांचा एक एकत्रित गुणांक छापतं. न्यू जर्सीत किंवा बे एरियात पहिली गाडी घेणारी आपली मुलं-भाचरं बहुधा तो एकच आकडा बघून फोनवर विचारतात, "या मासिकावर विश्वास ठेवावा का?" माझं उत्तर असं: मासिकाच्या प्रामाणिकपणावर पूर्ण ठेवा, आकड्याच्या बारकाव्यावर मात्र बेतानं.

प्रामाणिकपणाबद्दल आधी बोलतो. 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' १९३६ पासून निघतं. ते जाहिराती घेत नाही. चाचणीची गाडी कंपनीकडून मागून आणत नाही. साध्या गिऱ्हाइकासारखं, ओळख न देता, शोरूममधून विकत घेतं. ती टेस्लाही अशीच सुमारे १ लाख २८ हजार डॉलर मोजून घेतलेली होती. कनेटिकट राज्यात संस्थेचं स्वतःचं चाचणी-मैदान आहे. आपण दिलेले गुण कंपन्यांनी जाहिरातीत वापरू नयेत, असा तिचा कित्येक वर्षं नियम होता. चुका झाल्या तर त्या जाहीरपणे मागे घेण्याची रीतही आहे. जानेवारी २००७ मध्ये तान्ह्या मुलांच्या कार-सीटबद्दलचा तिचा अहवाल चुकीचा ठरला. बाजूनं बसणारा धक्का ताशी ३८ मैलांचा म्हणून छापला होता, प्रत्यक्षात चाचणीतला आघात ताशी ७० मैलांच्या धडकेइतका होता. दोन आठवड्यांत अहवाल मागे घेतला गेला. त्या चुकीमुळे अनेक आईबापांची झोप उडाली असणार, ती लहान म्हणता येणार नाही. पण ती कबूल झाली आणि दुरुस्त झाली. छापलेलं मागे घेण्याची तयारी ज्या मासिकात दिसते, त्याचं पुढचं पान मी जास्त विश्वासानं उलटतो.

आता मोजणी कशी होते ते पाहू. रस्त्यावरची चाचणी मैदानात तज्ज्ञ करतात. मासिकाच्या तक्त्यांतले भरवशाचे रंगीत ठिपके मात्र त्या मैदानातून येत नाहीत, ते येतात मासिकाच्या सभासदांकडून. दरवर्षी सभासदांना एक प्रश्नावली जाते. तुमची गाडी कोणती, कोणत्या सालची, आणि गेल्या बारा महिन्यांत तिच्यात असा काही बिघाड झाला का, जो खर्चामुळे, गाडी बंद पडल्यामुळे, सुरक्षिततेमुळे किंवा ती गॅरेजमध्ये अडकून पडल्यामुळे तुम्हाला गंभीर वाटला? २०२३ च्या फेरीत ३ लाख ३० हजारांहून अधिक गाड्यांची माहिती आली. बिघाड इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, एसी, विजेची यंत्रणा, स्क्रीन अशा २० गटांत वाटले जातात. इंजिन, गिअरबॉक्स किंवा बॅटरी अशा मोठ्या खर्चाच्या बिघाडांना जास्त वजन मिळतं. मग त्याच सालच्या इतर गाड्यांच्या सरासरीशी तुलना होते आणि हिरव्यापासून लालपर्यंतचा ठिपका ठरतो. (जुना अंक हाती आला तर जपून वाचा. २०१६ च्या आधी लाल ठिपका म्हणजे उत्तम आणि काळा म्हणजे वाईट असे.)

सव्वातीन लाखांवर गाड्या हा आकडा ऐकायला भक्कम वाटतो. पण तो शेकडो मॉडेलांत, प्रत्येक मॉडेलच्या वीसेक सालांत आणि प्रत्येक सालच्या वीस गटांत वाटला जातो. खूप खपणाऱ्या कॅमरी किंवा सीआर-व्हीच्या वाट्याला भरपूर मालक येतात. कमी खपणाऱ्या गाडीच्या एका सालाला शंभराच्या आसपास आले तरी पुष्कळ. समजा, १०० मालकांपैकी २० जणांनी बिघाड कळवला. संख्याशास्त्राच्या साध्या हिशेबानं खरं प्रमाण १२ ते २८ यांच्या दरम्यान कुठेही असू शकतं. मग शेजारच्या गाडीचं प्रमाण १६ आणि हिचं २२ असलं, तर पहिली जास्त भरवशाची असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पुढच्या वर्षी दुसरे शंभर जण उत्तर देतील आणि क्रम उलटा लागेल. क्रमवारीत गाडी पाचव्या जागेवरून नवव्या जागेवर घसरली, ही बातमी म्हणून वाचायला ठीक आहे. तेवढ्यावरून ठरलेली खरेदी बदलू नका.

म्हणून या ठिपक्यांना मी चाळण म्हणतो. चाळणीनं खडे निघतात. आंबेमोहोर कोणता आणि इंद्रायणी कोणता हे चाळण सांगत नाही. सरासरीच्या पुष्कळ खाली असलेल्या गाड्या या सर्वेक्षणातून नेमक्या बाजूला पडतात, आणि गिऱ्हाइकासाठी हा उपयोग फार मोठा आहे. सरासरीच्या जरा वर आणि जरा खाली असलेल्या दोन गाड्यांत निवड करताना मात्र सीट पाठीला मानवते का, सर्व्हिस सेंटर घराजवळ आहे का, विमा किती पडतो हेच प्रश्न महत्त्वाचे.

ठिपका तुलनेचा असतो, ही गोष्ट सारखी निसटते. लाल ठिपका म्हणजे गाडी मोडणारच, असा त्याचा अर्थ नाही. एखाद्या सालच्या गाड्यांत सरासरी शंभरातल्या १५ बिघडत असतील आणि एका मॉडेलच्या ३० बिघडत असतील, तर त्या मॉडेलला सर्वांत वाईट रंग मिळेल. तरी ७० मालकांना वर्षभर काहीच त्रास झालेला नसेल. म्हणूनच "माझ्या मित्राकडे तीच गाडी आहे, एकदाही गॅरेज दाखवलं नाही" हे वाक्य खरं असूनही त्यातून सर्वेक्षण खोटं ठरत नाही. आणि मित्राची एक गाडी व सर्वेक्षणातल्या शंभर गाड्या यांत निवडायचं झालं, तर शंभरांचं ऐकावं.

सर्वेक्षणावर नेहमीचा आक्षेप असा की उत्तरं देणारे लोक निवडक असतात. आक्षेप खरा आहे. पैसे भरून ग्राहक-मासिक घेणारा माणूस सरासरी गाडीमालकाहून काळजी घेणारा असतो. तेल वेळेवर बदलतो, पावत्या जपतो. त्याच्या गाड्या इतरांच्या गाड्यांहून कमी बिघडत असतील. पण तुलनेपुरता हा दोष बराचसा कटतो, कारण तो प्रत्येक मॉडेलच्या मालकांत थोडाफार सारखाच आहे. कटत नाही तो अपेक्षेचा दोष. टोयोटाचा मालक एखादी खडखड 'किरकोळ' म्हणून सोडून देईल आणि नव्या, महागड्या गाडीचा मालक तीच खडखड गंभीर म्हणून लिहील. प्रश्नावलीत 'तुम्हाला गंभीर वाटलं का' असं विचारलेलं असल्यामुळे ही फट राहते. म्हणून बारीकसारीक गटांच्या ठिपक्यांपेक्षा इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या ओळींवर माझा भर असतो. गिअरबॉक्स बदलला की नाही, याबाबत मताला जागा नसते.

याचं एक चांगलं उदाहरण २०११ चं. त्या वर्षीच्या सर्वेक्षणात फोर्ड कंपनी १० जागा खाली येऊन २० व्या क्रमांकावर गेली. कारणं दोन होती. एक, मायफोर्ड टच नावाची हट्टी टचस्क्रीन. दुसरं, फिएस्टा आणि फोकसमधला नवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. स्क्रीन अडकली की चीड येते, पण गाडी घरी पोचवते. तो गिअरबॉक्स मात्र पुढं कित्येक वर्षं मालकांना छळत राहिला, खटले झाले. क्रमांक दोन्हींसाठी एकच छापला गेला होता. ज्यांनी ओळ उघडून कोणत्या गटात लाल आहे ते पाहिलं, त्यांना फोकस आणि फोर्डची दुसरी एखादी गाडी यांतला फरक कळला. नुसता क्रमांक वाचणाऱ्यांनी सगळ्या फोर्ड सारख्याच मोजल्या.

ओळ कशी वाचायची, याची एक साधी रीत आहे. एका गाडीचे वीस गट, आठ-दहा सालं, म्हणजे दीड-दोनशे खाने. इतक्या खान्यांत चार-सहा लाल ठिपके निव्वळ योगायोगानंही उमटतात. २०१७ मध्ये एसीचा एकच लाल ठिपका आणि आजूबाजूला सगळं हिरवं, तर तो मनावर घेऊ नका. पण तोच एसी २०१६, २०१७, २०१८ असा सलग लाल असेल, तर तिथं खरी खोट आहे. आणि २०१९ पासून तो हिरवा झाला असेल, तर कंपनीनं भाग बदलला असण्याची शक्यता मोठी. जुनी गाडी घेणाऱ्याला एवढी माहिती हजारो डॉलर वाचवून देते. माझ्या मते या सर्वेक्षणाचा खरा फायदा जुनी गाडी घेणाऱ्यालाच होतो, कारण त्याच्यासमोर घडून गेलेल्या गोष्टींचा पुरावा असतो.

नव्या गाडीचं तसं नाही. नव्या मॉडेलचा 'अपेक्षित भरवसा' हा त्याच मॉडेलच्या आधीच्या दोन-तीन सालांवरून बांधलेला अंदाज असतो. मॉडेलची रचना बदलली नसेल तर तो पुष्कळदा बरोबर येतो. रचना मुळापासून बदलली की मागच्या सालांचा आधार गळतो आणि कंपनीचा लौकिक तेवढा उरतो. तो आधारही डळमळीत असतो, हे मासिकाला २००७ मध्ये कळलं. तोवर टोयोटाची नवी गाडी आली की माहिती हाती येण्याआधीच ती भरवशाची धरली जाई. त्या वर्षी सहा सिलिंडरची कॅमरी, आठ सिलिंडरचा फोर-व्हील-ड्राइव्ह टुंड्रा आणि लेक्सस जीएसचा ऑल-व्हील-ड्राइव्ह प्रकार सरासरीच्या खाली आले. मासिकानं जाहीर केलं की यापुढं टोयोटालाही ही सवलत नाही. पुढं २०२४ मध्ये नव्या रचनेच्या टुंड्राच्या आणि लेक्सस एलएक्सच्या मिळून सुमारे १ लाख २ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण कारखान्यातली धातूची बारीक चूर इंजिनात राहून गेली होती. नाव तेच होतं, इंजिन नवं होतं. म्हणून रचना बदलल्याच्या पहिल्या वर्षी कोणतीही गाडी घेऊ नका, हा गॅरेजवाल्यांचा जुना सल्ला मला आजही पटतो. एक वर्ष थांबणं परवडत असेल तर थांबा.

काही दोष थांबूनही लवकर दिसत नाहीत. ह्युंदाईच्या २०११ आणि २०१२ च्या सोनाटांपैकी सुमारे ४ लाख ७० हजार गाड्या इंजिनातल्या दोषामुळे सप्टेंबर २०१५ मध्ये परत बोलावल्या गेल्या. पहिल्या दोन-तीन वर्षांच्या सर्वेक्षणात असा दोष पुरता उमटत नाही, कारण बेअरिंग झिजायला मैल लागतात. दहा-बारा वर्षं गाडी वापरायचा विचार असेल तर नव्या मॉडेलच्या ठिपक्यांवर न थांबता त्याच इंजिन-गिअरबॉक्सच्या सात-आठ वर्षं जुन्या गाड्यांचे ठिपके उघडा. इंजिन बदललं असेल तर तो आधार नाही, हे गृहीत धरा.

बोनेटवरच्या बिल्ल्याबद्दलही असंच सावध राहावं लागतं. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला १९८४ पासून जनरल मोटर्स आणि टोयोटा यांचा भागीदारीचा कारखाना होता. तिथं टोयोटा कोरोला आणि जनरल मोटर्सची जिओ प्रिझम या जवळजवळ एकच असलेल्या गाड्या निघत. तरी कोरोलाला जास्त किंमत मिळे आणि जुनी विकतानाही जास्त भाव येई. ज्यांनी प्रिझम घेतली, त्यांना तोच भरवसा स्वस्तात मिळाला. आज उलटं उदाहरण होंडा प्रोलॉगचं आहे. ही विजेवरची गाडी होंडाच्या नावानं विकली जाते, पण तिचा सांगाडा आणि यंत्रणा जनरल मोटर्सची आहे, ती बनतेही त्यांच्याच मेक्सिकोतल्या कारखान्यात. होंडाच्या नावाला मिळालेले गुण प्रोलॉगला लावू नयेत. आपल्याकडे टोयोटा ग्लान्झा आणि मारुती बलेनो ही जोडी सगळ्यांच्या ओळखीची आहे. दोन्ही मारुतीच बनवते. त्यामुळे ग्लान्झा 'टोयोटा म्हणून' जास्त टिकेल, या समजाला आधार नाही. शोरूमची वागणूक, वॉरंटी आणि किंमत यांवर निवड करा. कंपनीच्या एकूण क्रमांकापेक्षा मॉडेलचं पान वाचा, ते यासाठीच.

विजेच्या आणि हायब्रिड गाड्यांबद्दल २०२३ च्या सर्वेक्षणानं मोठे फरक दाखवले. साध्या हायब्रिडमध्ये पेट्रोल गाड्यांपेक्षा २६ टक्के कमी बिघाड, विजेच्या गाड्यांत ७९ टक्के जास्त, आणि प्लग-इन हायब्रिडमध्ये तर १४६ टक्के जास्त. एवढा फरक नमुन्याच्या चुकीतून येत नाही, तो मनावर घ्यावा. पण प्रत्येक गटाच्या आत फार वेगवेगळ्या गाड्या आहेत. टोयोटाची चांगली मुरलेली प्लग-इन आणि कालपरवा बाजारात आलेली प्लग-इन यांना एकाच टक्केवारीत बसवू नका.

जे. डी. पॉवर हे नाव अमेरिकेत टीव्हीवरच्या जाहिरातींत सारखं कानावर येतं. १९६८ मध्ये निघालेली ही कंपनी तीन वर्षं वापरलेल्या गाड्यांच्या मालकांना विचारते आणि दर १०० गाड्यांमागं किती तक्रारी ते सांगते. २०२४ मध्ये सरासरी १९० होती, पहिल्या आलेल्या लेक्ससची १३५. आकडा उघड छापतात, हे मला आवडतं; फरक किती मोठा ते दिसतं. पण या मोजणीत फोन ब्लूटूथला न जोडणं ही एक तक्रार आणि गिअरबॉक्स जाणं हीही एकच तक्रार. शिवाय गाडी कंपन्या त्यांच्याकडून माहिती विकत घेतात आणि बक्षिसाचं नाव जाहिरातीत वापरण्याचे पैसे देतात. म्हणून मी जाहिरातीतलं बक्षीस सोडून देतो आणि मूळ तक्ता बघतो.

जर्मनीची रीत वेगळी आहे आणि तिच्यातून शिकण्यासारखं आहे. तिथला एडीएसी हा मोटारमालकांचा क्लब, दोन कोटींहून अधिक सभासदांचा. रस्त्यात बंद पडलेल्या गाडीकडे त्यांचा मेकॅनिक जातो आणि कारण नोंदवतो. मालकाच्या आठवणीचा किंवा मताचा यात प्रश्न येत नाही. पण नोंद होते ती फक्त बंद पडलेल्या गाड्यांची, आणि त्यांत मोठा वाटा साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा असतो. कंपनीच्याच मदत-सेवेला फोन करणारे मालक या मोजणीतून सुटतात. २०१४ मध्ये याच क्लबच्या 'लोकांची आवडती गाडी' या बक्षिसात मतांचे आकडे फुगवल्याचं उघड झालं आणि प्रसिद्धीप्रमुखांना जावं लागलं. टीयूव्ही या संस्था सक्तीच्या तपासणीतले दोष छापतात. २०२४ च्या त्यांच्या अहवालात दोन-तीन वर्षं वयाच्या गाड्यांत टेस्ला मॉडेल ३ शेवटची आली. विजेच्या गाडीत ब्रेक कमी वापरले जातात, त्यांच्या चकत्या गंजतात, हे त्यामागचं एक कारण. मालकाला विचारून, रस्त्यावरून आणि तपासणीतून असे तीन वेगळे मार्ग एकाच गाडीकडे बोट दाखवत असतील, तर मात्र त्या गाडीपासून लांब राहा.

भारतातल्या वाचकांनी अमेरिकेचे ठिपके इथल्या गाडीला लावू नयेत. जीप कंपास अमेरिकेत मेक्सिकोहून येते. आपली कंपास पुण्याजवळच्या रांजणगावात बनते आणि ती बरीचशी डिझेलवर विकली गेली. तिकडच्या पेट्रोल कंपासचा लाल ठिपका रांजणगावच्या डिझेलबद्दल काहीच सांगत नाही. भारत एनसीएपीचे तारेही भरवशाचे समजू नका. ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेली ती चाचणी अपघातात माणूस किती वाचतो हे सांगते, गाडी किती काम काढते हे नाही. जाहिरातींशिवाय चालणारं, मॉडेलवार आणि सालवार असं मोठं सर्वेक्षण आपल्याकडे रुजलेलं नाही. ते व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं, कारण सहा-सात लाखांची गाडी हा बहुतेक घरांचा घरानंतरचा सर्वांत मोठा खर्च असतो. तोवर आपल्या भागातल्या दोन-तीन स्वतंत्र गॅरेजवाल्यांना एकच प्रश्न विचारा: या मॉडेलचं तुमच्याकडे सर्वांत जास्त काय काम येतं? 'कशी आहे?' असं विचारलं तर मत मिळतं. असं विचारलं तर माहिती मिळते. स्पेअर पार्ट विकणाऱ्यालाही तेच विचारा. त्याच्या काउंटरवर कोणता भाग वारंवार मागितला जातो, ते त्याला तोंडपाठ असतं.

अमेरिकेत असाल तर आधी ग्रंथालयाचं कार्ड काढा. अनेक सार्वजनिक ग्रंथालयांतून 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'चे पूर्ण तक्ते घरबसल्या फुकट वाचता येतात. एकत्रित गुण सोडून भरवशाचा वेगळा रकाना उघडा आणि इंजिन व गिअरबॉक्सच्या ओळी सालवार पाहा. पसंत पडलेल्या गाडीचा १७ अक्षर-अंकांचा व्हीआयएन क्रमांक राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या, म्हणजे एनएचटीएसएच्या संकेतस्थळावर टाकला की परत बोलावण्याचं काम झालंय की बाकी आहे ते लगेच कळतं. तिथल्या तक्रारी वाचा, पण मोजू नका. जास्त खपणाऱ्या गाडीच्या तक्रारी जास्त असणारच. भारतात व्हीआयएन सांगून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून जुनी नोंद आणि रिकॉलची स्थिती विचारता येते. आणि जुनी गाडी असेल तर, कुठल्याही देशात, पैसे देण्याआधी विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडे ती लिफ्टवर चढवून बघून घ्या. ठिपके हजारो गाड्यांबद्दल बोलतात. तुम्ही घेताय त्या गाडीचा पूर्वीचा मालक तेल वेळेवर बदलत होता का, याचा अंदाज मेकॅनिकच देऊ शकेल. विकणारा तपासणीला नाही म्हणाला, तर दुसरी गाडी बघा.